अधिक श्रावणातला पट्टेरी मासा

एडिसन, न्यू जर्सी
१० सप्टेंबर २०२३, अजा एकादशी

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांना


आई, दर रविवारी फोनवर तुम्ही विचारता, "मासा मिळाला का गो त्याला?" मी तोंड उघडायच्या आत फोन तुमच्या चिरंजीवांच्या हातात गेलेला असतो. ते "हो, मिळाला" एवढंच सांगतात आणि विषय हवापाण्यावर नेतात. आत्ता ते रात्रभर समुद्रावर जागून वर घोरत पडले आहेत, तेवढ्यात सविस्तर लिहिते.

मासा मिळतो, पण घरी येत नाही.

झालं असं, की यंदा अधिकमासामुळे श्रावण दोन महिन्यांचा. अधिकही पाळायचा आणि निजही पाळायचा, असं तुम्ही जुलैतच बजावलंत आणि हे लगेच हो म्हणाले. ज्या माणसाने आषाढातल्या गटारीला सोड्यांची खिचडी दोनदा वाढून घेतली, तो दोन महिन्यांच्या श्रावणाला इतक्या सहज तयार होतो, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. ते म्हणाले होते, "खाणार नाही." "पकडणार नाही" असं काही ते म्हणाले नव्हते.

तेव्हा कृपा करून गावातल्या गुरुजींना एक विचारा. मासा पकडला, त्याचं माप घेतलं, त्याच्यासोबत फोटो काढला आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडलं, तर श्रावण मोडतो का? आमच्याकडे सत्यनारायण सांगायला येतात त्या गुरुजींना मी विचारलं होतं. त्यांनी पोथी बाजूला ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "सध्या कुठे लागतायत?"

तर हा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळे पट्टे, आखून काढल्यासारखे सरळ. पाठ हिरवट, पोट चंदेरी. तोंड थोडंफार जिताड्याच्या वळणाचं. राहतो समुद्रात, पण वसंतात अंडी घालायला नदीत चढतो. इथे हडसन आणि डेलावेअर, आणि दक्षिणेला चेसापीकच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्या. आपल्याकडचे चढणीचे मासे पहिल्या पावसाला वहाळात घुसतात तसाच प्रकार, फक्त हा तीस वर्षं जगू शकतो आणि माणसाच्या पोराएवढा होतो. जगातला सर्वांत मोठा गरीवर धरलेला बास २०११ साली कनेटिकटजवळ मिळाला, ८१ पौंड १४ औंसांचा, म्हणजे साधारण ३७ किलो. हे वजन आमच्या घरात लहान मुलांनासुद्धा पाठ आहे. पाढे मात्र नाहीत.

अंडी घालून झाली की हे मासे उन्हाळ्यात थंड पाण्यासाठी उत्तरेला मॅसॅच्युसेट्स, मेनपर्यंत जातात आणि शरदात खाली परततात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात न्यू जर्सीच्या कोमट पाण्यात उरतात ती बारकी पोरं, तीही रात्रीच तोंडं दाखवतात. मोठी मंडळी यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. ही गोष्ट ह्यांना पक्की ठाऊक आहे. तरी हे रात्री छातीपर्यंतचा रबरी पायजमा चढवून, कपाळावर दिवा बांधून, अकरा फुटी काठी गाडीच्या खिडकीबाहेर काढून निघतात. समोरच्या बाईंनी मला एकदा हळूच विचारलं, की तुमचे मिस्टर ड्रेनेजच्या खात्यात आहेत का. मी हो म्हटलं.

जन्माष्टमीच्या रात्री मी मुद्दाम सोबत गेले. मुलांना मैत्रिणीकडे ठेवलं, बारा वाजता पाळणा हलवला, सुंठवडा खिशात घेतला आणि आम्ही सँडी हूकला गेलो. ही समुद्रात शिरलेली वाळूची लांब जीभ आहे. टोकाजवळ १७६४ सालचं दीपगृह आहे, अमेरिकेत आजही चालू असलेल्यांत सर्वांत जुनं. पलीकडे न्यूयॉर्कचे दिवे दिसतात. रात्री गरवायला वेगळा परवाना लागतो, तो ह्यांनी लग्नाच्या सर्टिफिकेटाच्या पाकिटात ठेवला आहे. अष्टमीचं भांग, पाण्याला फारशी ओढ नाही, उकाडा मात्र आपल्या मे महिन्यासारखा. अर्धा चंद्र समुद्रातून वर आला होता.

श्रावण म्हणून आमिषाला हात लावायचा नाही हा ह्यांचा नियम. म्हणजे कालवं नाहीत, माशाचे तुकडे नाहीत. गरीला लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा खोटा मासा. एकेका खोट्या माशाच्या किमतीत मिरकरवाडा बंदरावर खरं पापलेट येईल, पण तो शाकाहारी ना! अशी टाकाटाक बराच वेळ चालली. मी वाळूत बसून सुंठवडा संपवला. मग एकदम रीळ करकरलं, ह्यांनी "आला, आला" म्हणून आरोळी ठोकली आणि कमरेएवढ्या पाण्यातून उलटे चालत बाहेर आले.

ओल्या वाळूवर पट्टी पसरली होती. दिव्याच्या उजेडात मासा पितळेच्या भांड्यासारखा चमकत होता आणि कल्ले उघडमीट करत होता. काकडीचा असतो तसा किंचित वास. ह्यांनी हात ओले केले, शेपटीची दोन टोकं चिमटीत धरून जुळवली, माप घेतलं, पुन्हा घेतलं, मग मला वाचायला लावलं. साडेसत्तावीस इंच. खायचा नव्हताच, पण अर्धा इंच कमी भरला म्हणून ह्यांचा चेहरा इतका पडला, की मला वाटलं आता शेपूट ओढतात की काय. नंतर पाण्यात नेऊन, खालचा ओठ धरून त्याला प्रवाहाच्या तोंडाकडे उभा केला. त्याने शेपटीचा एक फटका मारला, ह्यांच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि गेला.

ह्या माशाला मोठे दात नसतात, पण ओठाच्या आत बारीक काटेरी खरखर असते, घासकागदासारखी. दरवेळी ओठ धरून उचलायचं, त्यामुळे ह्यांच्या अंगठ्याची साल निघाली आहे. इथले गरवणारे असा सोललेला अंगठा अभिमानाने दाखवतात. ह्यांच्या फोनला मात्र तो ओळखू येत नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये फोन उघडेना, तेव्हा साहेबांना काय कारण सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

आता मापाचं सांगते. २८ इंचांहून लहान मासा ठेवायचा नाही, आणि फार मोठाही ठेवायचा नाही, कारण मोठ्या त्या बहुतेक माद्या, त्यांच्या पोटात लाखोंनी अंडी. आधी ३८ इंचांच्या आतला चालायचा. यंदा तातडीचा हुकूम निघाला आणि वरची मर्यादा ३१वर आली. म्हणजे २८ ते ३१ यांमधला, दिवसाला माणशी एक. वधूवर सूचक मंडळात तुमच्या धाकट्या भाचीने वराच्या उंचीची अट घातली होती, त्यातसुद्धा याहून जास्त सवलत होती. शिवाय न्यू जर्सीत पकडलेला बास विकायला बंदी आहे. त्यामुळे आपल्याकडे भाट्याच्या पुलावर रात्र फुकट घालवलेली माणसं सकाळी बंदरावरून टोपली भरून घेतात आणि घरी "मी धरले" सांगतात, ती सोयही ह्यांना नाही. (बाबा, मी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.)

हुकूम का निघाला, ते मात्र ऐकण्यासारखं आहे. १९७०च्या दशकात हा मासा इतका ओरबाडला गेला, की पुढे संपायला आला. १९८४ साली अमेरिकेच्या संसदेने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. मेरीलँडने तर १९८५ पासून पाच वर्षं पकडायचीच बंदी घातली. आपल्या जून-जुलैच्या मासेमारीबंदीला कुरकुरणाऱ्या राजिवड्याच्या मंडळींना सांगा, पाच वर्षं! १९९५ला मासा सावरला असं जाहीर झालं, आणि माणसं पुन्हा तशीच वागायला लागली. आता चेसापीकमध्ये गेली काही वर्षं पिल्लंच धड जगत नाहीयेत. त्यातल्या त्यात २०१५ साली जन्मलेली पिढी भरघोस, ती आता वाढून काठीला लागते आहे. हुकूम तिला वाचवण्यासाठी आहे. हे जेवताना ऐकल्यापासून आपली धाकटी हट्टाला पेटली आहे. तिचाही जन्म २०१५चा. "माझ्या वर्गातले मासे पकडायचे नाहीत," म्हणून तिने फ्रिजवर चिठ्ठी लावली आहे.

परवा राज्यमासा म्हणून पापलेटाला मान दिल्याची बातमी वाचली. छान झालं. पण मान देऊन मासा वाढत असता तर सरंगा कधीच मंत्री झाला असता. हे पट्टीवाले लोक मला आधी वेडे वाटायचे. आता वाटतं, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर अशा दोन-चार पट्ट्या पडल्या आणि कोणी त्या खरोखर वापरल्या, तर बोटभर पापलेटांचे वाटे लागायचे थांबतील. तुम्ही म्हणाल सून अमेरिकेत जाऊन शहाणी झाली. पण ती बोटभर पापलेटं बघून मागे तुम्हीच हळहळला होतात.

बरं, सध्या घरात गाजतो आहे तो वाद वेगळाच. मासे परत निघाले का? ह्यांच्या कंपूत एक निवृत्त इटालियन म्हातारबुवा आहेत. त्यांनी ऑगस्टअखेरीसच जाहीर केलं, की यंदा लवकर निघालेत. मला कळलं की ते दर ऑगस्टला हेच जाहीर करतात. पण खुणा मीही बघते. दिवस आखडलाय. वाळूच्या टेकाडांवर पिवळ्या फुलांचे तुरे आलेत आणि त्यांवर नारिंगी मोनार्क फुलपाखरं थव्याने टेकतात, मेक्सिकोच्या वाटेवरची. ऑस्प्रे म्हणजे मासे धरणारी घार, जी थंडीत आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही दिसते, तिची दक्षिणेकडे निघायची वेळ झाली, सँडी हूकची काही घरटी रिकामी दिसली. आणि सगळ्यांत मोठी खूण म्हणजे बोय. हो, आपली बोयच. बोटाएवढाल्या बोयटांचे थवे खाडीतून बाहेर पडून काठाकाठाने दक्षिणेला निघालेत. संध्याकाळी पाण्यावर सरसर पाऊस पडल्यागत त्या उडतात. बाबा भाट्याला म्हणायचे ना, बोय उडाली की मागे कोण आहे ते बघ. मी तेच म्हटलं. हे म्हणाले, पाण्याचं तापमान अजून उतरलेलं नाही, ॲप बघ. मी म्हटलं, बोयटांकडे ॲप नाही. तेवढ्यात तिथेच पाणी फुटलं आणि ह्यांनी ॲप खिशात घातलं. मागे होते ते ब्लूफिश, बास नव्हेत. पण ह्यांचा खोटा मासा त्यांनी दातांनी पार सोलून काढला, त्याचा मला आनंद झाला.

नारळी पौर्णिमाही इथेच केली. ३० ऑगस्टला पौर्णिमेचं उधाण, त्यात लांब समुद्रात फ्रँकलिन नावाचं वादळ, त्यामुळे लाटा दांडग्या. सोनेरी कागद लावलेला नारळ ह्यांनी मनोभावे अटलांटिकला अर्पण केला. नारळ गेला, फिरला आणि सरळ आमच्या पायाशी परत आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. शेजारचे म्हातारबुवा गंभीरपणे म्हणाले, "माप कमी भरलं असेल." शेवटी घरी आणून त्याचा नारळीभात केला. प्रसाद म्हणून म्हातारबुवांनी दोनदा घेतला.

सॅन होजेच्या भाऊजींना एवढं आवर्जून सांगा. कॅलिफोर्नियाचं सगळंच चांगलं, असं ते म्हणतात ना? तिथल्या खाडीतले बास मूळचे आमच्या न्यू जर्सीचे. १८७९ साली इथल्या नेव्हसिंक नदीतली १३२ पिल्लं आगगाडीने, वाटेत पाणी राखत, पार सॅन फ्रान्सिस्कोला नेऊन सोडली. काही वर्षांनी आणखी तीनेकशे नेली. वीस वर्षांत तिकडच्या बाजारात लाखो पौंडांनी बास विकला जाऊ लागला. व्हिसा नाही, ग्रीन कार्डाची रांग नाही.

आता तुम्हाला खरा प्रश्न पडला असेल, की श्रावण संपला, गणपती झाले, नवरात्र उठलं, आणि ऑक्टोबरात एखादा २९ इंची मिळाला, तर कालवण तरी होणार ना? मांस पांढरं, घट्ट, रावसाच्या जवळपास जाणारं. चारेक किलोचा मासा. पण थांबा. इथल्या सरकारचं एक पत्रकही आहे. पूर्वी कारखान्यांनी नद्यांत सोडलेली रसायनं ह्या माशाच्या चरबीत साठतात, म्हणून मोठ्यांनीसुद्धा तो अगदी क्वचित खायचा आणि लहान मुलांना द्यायचाच नाही. म्हणजे एवढा खर्च, एवढी जागरणं, सोललेला अंगठा, आणि शेवटी ताटात दोन तुकड्या, त्याही साल नि चरबी काढून. तरी त्या दोन तुकड्यांसाठी मसाला चांगला हवा. तिरफळं आणि आमसुलं पाठवा, मालवणी मसाला नको, मागचा अजून आहे. तिरफळ ह्या माशाला चालेल की ते बांगड्यालाच, तेही लिहा.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमची सून

ता. क. बाबांनी फोनवर हळू आवाजात मागितलेला लाकडी मासा भाऊजींच्या सामानातून पाठवते आहे. मोज्यात गुंडाळलेला आहे आणि त्याला तीन-तीन गळ आहेत, तेव्हा पिशवी आईंनी उघडू नये.