घरगुती बागेतील अळीबंदोबस्त : कार्यपद्धती

आरोपी झाडावर शोधू नये. खाली, फरशीवर शोधावा. तगरीच्या कुंडीपाशी मिऱ्यांएवढ्या काळ्या लेंड्या दिसल्या की मान सरळ वर करावी. तिथे बोटाएवढी जाड हिरवी अळी आपण पानच आहोत अशा थाटात बसलेली असते. डिवचल्यास ती डोक्यामागचे दोन निळे डोळे वटारते. डोळे खोटे आहेत, ती चावत नाही. तरीही बरेच बागप्रेमी या टप्प्यावर चिमटा टाकून घरात पळतात. हीच कण्हेरीवर आणि सदाफुलीवरही जेवते.

झेंडूच्या कळीत डोकं खुपसून बसलेली ती घाटे अळी. टोमॅटोवरून तिचं लक्ष उडावं म्हणून शेतकरी कडेने झेंडू लावतात. आपण नुसताच झेंडू लावतो. म्हणजे सापळा तयार, राखायचं पीक गायब.

गुलाब-शेवंतीची पानं सकाळी चाळणीसारखी दिसली आणि अळी मात्र दिसली नाही, तर रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जावं. ही स्पोडोप्टेरा नावाची अळी दिवसा मातीत झोपते. शेजाऱ्यांनी विचारलंच तर ‘काही नाही, गुलाब बघतोय’ म्हणावं. त्यावर कुणाचाही विश्वास बसत नाही. त्यापेक्षा पानांची मागची बाजू तपासावी. तपकिरी केसांच्या पांघरुणाखाली अंड्यांचा पुंजका असतो. ते पान तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावं. या पत्रकातला खरा उपाय एवढाच, बाकी शिष्टाचार.

निंबोळी अर्क पाच टक्के : पन्नास ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळावी, चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारावी. लहान अळ्यांची भूक मरते. वासाने घरच्यांचीही.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या कुंडीबाबत विशेष दक्षता हवी. पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली आणि ती चालू लागली, तर हात आवरावा. मोठी होऊन हिरवी झाल्यावर ती डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून आंबट दर्प सोडते. लिंबावरची अळी ब्ल्यू मॉर्मनचीही असू शकते, आणि महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा दर्जा दिलेला आहे. अशा वेळी चिमटा नको, बदलीचा आदेश काढावा. शेजाऱ्यांकडे लिंबू असल्यास हस्तांतर अंधारात करावं आणि पोच मागू नये.