रागाचा पत्ता

पूर्वी रस्त्यात दोन माणसं एकमेकांची गचांडी धरून उभी असली, तर बघणारे म्हणत, ‘भांडण लागलंय.’ आता वर्तमानपत्र म्हणतं, ‘रोड रेजची घटना.’ हे केव्हाही जास्त भारदस्त. भांडण कोणीही करतं. त्याला फक्त रिकामा वेळ आणि आवाज लागतो. रोड रेजला निदान स्वतःचं वाहन लागतं. लक्ष्मी रस्त्यावर एका रिक्षाने माझ्या स्कूटरचा आरसा उडवला, तेव्हा रिक्षावाल्याशी माझं जे बोलणं झालं, त्याला मी घरी ‘थोडी बाचाबाची’ म्हणालो. भाच्याने कानातली बोंडं काढली आणि म्हणाला, ‘‘मामा, म्हणजे रोड रेज!’’ एकदम उंची वाढल्यासारखं वाटलं.

त्या आनंदात शब्दकोश उघडला आणि या ‘रेज’ची कुळी कळली. इंग्रजीत तो फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून, आणि लॅटिनमध्ये तो होता ‘राबिएस’. बरोबर ओळखलंत. रेबीज. कुत्र्याचा. आपल्याला यासाठी रोमपर्यंत जावं लागत नाही. आपल्याकडे कुत्रा पिसाळतो आणि मार्चअखेरीस हेडक्लार्कही पिसाळतो, दोघांचं एकाच क्रियापदात भागतं.

फ्रेंचांनी तर दोन अर्थ वेगळे करण्याची तसदीच घेतलेली नाही. ते ‘राझ’ म्हणतात आणि त्यात संतापही येतो, कुत्रा चावल्यावर होणारा रोगही येतो. लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जुलै १८८५ मध्ये पॅरिसला जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला जी लस टोचली गेली, ती फ्रेंच भाषेत आजही ‘राझ’वरची लस आहे. सरळ वाचलं तर रागावरची लस! हे घरात कळल्यापासून माझ्यासाठी ती मागवण्याच्या हालचाली सुरू आहेत. मला मात्र ही लस म्हटलं की पोटात गोळा येतो, कारण आमच्या लहानपणी ती पोटातच देत. बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं! गल्लीतल्या कुत्र्याच्या वाटेला जाण्याआधी प्रत्येक पोरगं तो आकडा मनात म्हणत असे. रस्त्यावर डाफरणाऱ्या माणसांनाही हीच चौदाची बोली लावली असती, तर पुण्याचे सगळे सिग्नल एव्हाना शांततेत सुटले असते.

बरं, इतक्या भयंकर घराण्यातल्या शब्दाने गंभीर राहावं की नाही? तर तो गेला फॅशनमध्ये. एखादी वस्तू इंग्रजीत ‘ऑल द रेज’ असते, म्हणजे सगळे तिच्यापायी वेडे झालेले असतात. आमच्या कॉलेजात बेलबॉटमचा असा रेज होता; रागावले होते फक्त वडील. ऑस्ट्रेलियात तर रात्रभर धुडगूस घालून मजा करणं म्हणजे रेज. तिथल्या एबीसी या सार्वजनिक वाहिनीवर १९८७ पासून रात्री गाण्यांचे व्हिडिओ लागतात, आणि कार्यक्रमाचं नाव ‘रेज’. नेमक्या त्याच १९८७ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या फ्रीवेंवर गाडीवाले गाडीवाल्यांवर गोळ्या झाडत होते, आणि तिथल्या बातम्यांतून त्याच सुमारास ‘रोड रेज’ चलनात आला. साल एक, शब्द एक; इकडे नाच, तिकडे काडतुसं.

मला कीव येते ती ‘आउटरेज’ची. कुणालाही वाटेल की आउट अधिक रेज, म्हणजे बाहेर पडलेला राग. प्रत्यक्षात त्यात रेज नाहीच. तो ‘पलीकडे’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘अल्ट्रा’पासून निघाला, म्हणजे मर्यादा ओलांडणं; शेवटचं ‘एज’ हा निव्वळ प्रत्यय. रेजशी त्याचं नातं एका चाळीतल्या दोन कुलकर्ण्यांइतकंच. पण लोकांनी पिढ्यान् पिढ्या ‘तुम्ही त्या रेजांपैकीच ना?’ असं विचारून विचारून त्याला खरोखरच रागीट करून सोडलं.

आपला ‘राग’ही रेजचा कोणी नव्हे. तो रंगातून आला. संस्कृतात राग म्हणजे लाली, मग ओढ, प्रेम, मग गवयाचा यमन. पुढे भाषांमध्ये वाटण्या झाल्या तेव्हा गाणं सगळ्यांना मिळालं. प्रेम हिंदीने ठेवलं आणि मराठीने संताप उचलला. वाटणीच्या वेळी आपल्या बाजूने कोण बसलं होतं, याची चौकशी व्हायला हवी.

माझं खरं म्हणणं मात्र पुढेच आहे. इंग्रजी संतापाला पत्ता लागतो. रस्त्यावर आला तर रोड रेज, विमानात आला तर एअर रेज. नवी कात्री ज्या प्लॅस्टिकच्या कवचात येते ते कवच फोडायला दुसरी कात्री लागते, तेव्हा येतो तो रॅप रेज. मराठी संताप असा कुठे राहायला जात नाही, तो अंगातल्या अंगात हिंडतो. आग लागते तळपायाला आणि जाते मस्तकात. वाटेत पित्त खवळतं, मुठी वळतात, दातओठ खाऊन होतात, डोळे वटारले जातात. काहींचा राग जन्मतःच नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो, त्यांचा बराचसा प्रवास वाचतो. शेवटी सगळ्या अंगाचा तिळपापड. इंग्रजाला ‘राग कुठे आला?’ म्हणून विचारलं तर तो म्हणेल, ‘विमानात.’ आमची मावशी म्हणेल, ‘डोक्यात.’

आणि त्रागा? राग दुसऱ्याचा आणि उपाशी राहायचं आपण, ही सोय इंग्रजीत मला अजून सापडलेली नाही. त्यांच्याकडे आता रेज रूम निघाल्या आहेत. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि कपबश्या, बाटल्या, जुने टीव्ही फोडायचे. मावशीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, ‘‘केर कोण काढतं?’’

भाचा मोबाइलवर खेळताना हरायला आला की फोन गादीवर आपटून उठतो. याला म्हणे रेज क्विट म्हणतात. आम्ही हे मैदानावर करत होतो. पायचीत दिलं की ज्याची बॅट तो ती काखोटीला मारून घरी जायचा आणि मागे ‘रडीचा डाव’ म्हणून गजर व्हायचा. लग्नात व्याही ताटावरून उठत, तो पंगतीतला रेज क्विट. व्याह्यांच्या मागे चार जाणती माणसं हात जोडत जायची. मोबाइलमधून समजूत काढायला कोणी येत नाही, म्हणून भाचा थोड्या वेळाने आपणच परत येतो.

आता यातला सगळ्यात ताजा प्रकार. ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी २०२५ चा शब्द म्हणून ‘रेज बेट’ निवडला. लोकांनी चिडावं, चिडून उत्तरं द्यावीत, चार जणांना पाठवून त्यांनाही चिडवावं, म्हणून इंटरनेटवर मुद्दाम टाकलेला मजकूर. कोणी पुरणपोळीला केचप लावून खाल्लं की खाली तीन हजार माणसं आपापल्या आज्या स्मरून तुटून पडतात, आणि केचपवाल्याचा हेतू सफळ होतो.

मावशीला हे तपशिलात समजावून सांगितलं. तिने सुपारी कातरणं थांबवलं.

‘‘म्हणजे काडी टाकून मजा बघायची.’’

‘‘हो.’’

‘‘म्हणजे तुझी आत्या.’’

या दोघी माझ्या मुंजीतल्या साडीवरून आजतागायत एकमेकींशी बोलत नाहीत, तेव्हा मी विषय वळवण्यासाठी म्हणालो, ‘‘अगं, पण या लोकांना त्याचे पैसे मिळतात. जितके जास्त लोक बघतील तितके जास्त.’’

मावशी बराच वेळ हिशेब करत राहिली.

‘‘बघ,’’ ती म्हणाली, ‘‘बाईने जन्मभर फुकट केलं!’’