लेन्सला चिंच लावू नये

जुन्नर-आंबेगावात एखादी जुनी धातूची वस्तू घेऊन ओट्यावर बसावं आणि सल्ला मिळू नये, असं होत नाही. पाण्याची मोटर, फवारणीचा पंप, देव्हाऱ्यातली समई आणि माझी रशियन लेन्स, सगळ्यांना एकच न्याय. घासलं की उजळतं, ऑइल सोडलं की फिरतं, आणि एवढं करूनही नाही फिरलं तर हातोडी आहेच. या धातुशास्त्रावर दोन तालुक्यांची शेती चालते, त्यामुळे त्याला हसायचीही सोय नाही.

माझी लेन्स म्हणजे हेलिऑस ४४-२. सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ढिगानं निघालेली, ५८ मिलिमीटरची. मूळ आराखडा जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटारचा. पुण्याच्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि जोडीदार हरवलेल्या चपला यांच्या शेजारी अशा लेन्स बसलेल्या असतात. हल्ली मिररलेस कॅमेऱ्याला अडॅप्टर लावून लोक तिच्यातून फोटो काढतात. मागची पानं गरगर फिरल्यासारखी दिसतात, म्हणून तिला म्हातारपणी मागणी आली आहे. काच सहसा ठणठणीत असते, दुखणं धातूचं. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस वाळून बसतं, त्यातलं तेल पाझरून उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पात्यांवर चढतं, आणि उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

पहिला सल्ला नारायणगावच्या एका मोटर वाइंडिंगवाल्याचा. त्यानं लेन्स कानाशी धरून फिरवली आणि निदान केलं, "पाव्हणं, बेअरिंग जाम हाय. ग्रीस भरा." सांगून थांबला नाही, डबा उघडून दोन बोटं ग्रीस काढलंसुद्धा. मी त्याला समजावलं की इथे आट्यांना नुसता पापुद्रा पुरतो. जास्त झालं की एप्रिलच्या उन्हात ते पातळ होतं, तेल पात्यांवर जातं आणि पाती एकमेकांना चिकटतात. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. "एवढंसंच लावायचं, तर लावायचंच कशापायी?" मग ती दोन बोटं त्यानं दाराच्या बिजागरीला पुसली. दार अजून सुरेख उघडतं.

दुसरा सल्लागार जुन्नरच्या पेठेतला घड्याळजी. हा एकमेव माणूस, ज्यानं लेन्स हातात घेऊन काहीच सांगितलं नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि कडेचे तीन ग्रब स्क्रू शोधले. ग्रब स्क्रू म्हणजे डोकं नसलेला स्क्रू. नुसती खाच असलेला, मोहरीएवढा. कारखान्यात तो लाखेसारखं काहीतरी लावून पक्का केलेला असतो. जोर लावला की खाच झिजते आणि स्क्रू जन्मभर आतच राहतो. घड्याळजींनी काडीच्या टोकानं प्रत्येकावर थिनरचा थेंब सोडला आणि चहा मागवला. चहा संपला, कप परत गेला, तरी ते काही करेनात. मी चुळबुळलो. "घाई आसंल तर मोबाईलवर काढा की फोटू," ते म्हणाले. मग स्क्रू आपखुशीनं आल्यासारखे बाहेर आले. आट्यांची जोडी जिथे सुटली, तिथे त्यांनी दोन्हीकडे सुईनं बारीक खूण केली. या आट्यांना तोंडं अनेक असतात. भलत्या तोंडातून शिरले तरी ते गोडीगुलाबीनं फिरतात, फक्त लांबचं काही स्पष्ट दिसत नाही. जुन्नरात ही तपासणी सोपी आहे: कुठल्याही गच्चीवर जावं, रिंग शेवटपर्यंत फिरवावी आणि शिवनेरीचा कडा बघावा. कडा धारदार दिसला तर लेन्स शुद्धीवर आहे.

पाती जुळवायचं काम मात्र मी घरी करतो, कारण त्या वेळी तोंडून जे निघतं ते पेठेत शोभत नाही. आठ पाती, प्रत्येक कागदाहून पातळ, काळी केलेली, दोन टोकांना उलटसुलट बाजूंनी दोन खुंट्या. लायटरच्या पेट्रोलमध्ये धुवायची, बोट न लावता चिमट्यानं उचलायची, कारण घामानं गंजतात. पंखा बंद. शिंक बंद. सात पाती एकावर एक निमूट निजतात. आठवं पातं अर्धं सातव्याच्या वर आणि अर्धं पहिल्याच्या खाली जायला हवं असतं. पंगत बसल्यावर आलेल्या व्याह्याला पहिल्या पाटावर जागा करून द्यावी, तशी सगळ्यांची उठवाउठव होते. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी दार उघडून विचारतं, "पंखा का बंद केलाय रे?"

माझा भाचा शाळेच्या सहलीतून खोडदची रेडिओ दुर्बीण बघून आला आणि तिसरा सल्ला घेऊनच आला. "मामा, तिथं तीस डिश आहेत, एकेक ४५ मीटरची, आणि नुसती तारेची जाळी! भोकंच भोकं. तरी आख्खं जग बघायला येतं. तू लेन्सवरच्या एवढ्याशा ठिपक्यासाठी रडतोस." मी म्हणालो, बाबा रे, ती दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी जाळी लावली ती रेडिओच्या लहरी वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब असतात म्हणून, त्यांना त्या भोकांचा पत्ताही लागत नाही. उजेडाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मी. भाच्यानं विचार केला. "मग तू रेडिओचेच फोटो काढत जा ना."

"हे आपलं काम नव्हे," असंही काही जण सांगतात. त्यांना मी कोल्हापूर ऐकवतो. दादासाहेब फाळक्यांनी विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून कॅमेरा कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा चित्रपट काढला. धातूचं बारीक काम आपल्याला जमत नाही, असं म्हणायची सोय त्यांनी ठेवलेली नाही. फक्त त्यांच्या घरात माझी मामी नसावी.

मामी मंचरची. तिच्या घरात काळं राहायचा हक्क तव्यालाच. चिंच आणि मीठ लावून तिनं घासलेला तांब्या उन्हात ठेवला तर विमान खाली उतरेल. तिचं रसायनशास्त्र चुकीचं नाही. चिंचेतलं आम्ल तांब्या-पितळेवरचा कळंक खरोखर खातं. पण जुन्या पितळी लेन्सवर लाखेचा पातळ हात दिलेला असतो. चिंचेनं तो गेला की पितळ चार दिवस झळकतं आणि पुढे दुप्पट वेगानं काळवंडतं. अ‍ॅल्युमिनियमचा काळा थर तर धुण्याच्या सोड्यानंही निघून जातो. मी तिला म्हणालो, "मामी, भीमाशंकरला चिमाजी अप्पांची वसईहून आणलेली घंटा आहे ना, तिला कुणी चिंच लावतं का?" मामी म्हणाली, "मला कुठं कुणी विचारलंय अजून?"

दिवाळीच्या आवराआवरीत माझ्या लेन्सचं हूड, म्हणजे तोंडाला लावायची उजेड अडवणारी धातूची नळी, तिच्या हाती लागलं. सोडा, तारेची घासणी आणि मामी, असा तिहेरी प्रयोग झाला. संध्याकाळी ते समईशेजारी पालथं घातलेलं दिसलं, आतूनबाहेरून चांदीसारखं. लेन्सच्या आतला काळा रंग शोभेचा नसतो. आडवा आलेला उजेड तिथे मरावा म्हणून तो मुद्दाम निस्तेज ठेवतात, वर बारीक रेघा कापतात. आत चकाकलं की तोच उजेड उसळून काचेवर येतो आणि फोटोवर धुकं पसरतं. चांगली साफ केलेली लेन्स म्हणजे साफ केलेली दिसत नाही ती. हे सगळं मामीला पटवायचं तर पुरावा हवा, म्हणून तेच हूड लावून तिचा अंगणात फोटो काढला.

धुकं आलं. अगदी हवं तसं, पुस्तकात दाखवतात तसं. मामीनं फोटो निरखला. "बघ! घासल्यावर कशा सुरकुत्या गेल्या. इतकी वर्षं तुझी लेन्सच मळकी होती."

तेवढ्यात घोडेगावकडचा एक लग्नाचे फोटो काढणारा पोरगा पत्रिका द्यायला आला. त्यानं फोटो पाहिला आणि त्याचे डोळे लकाकले. "भाऊ, आसं मऊ दिसायला आम्ही महागडा फिल्टर लावतो. हे हूड कुठून करून मिळतं?"

मी काही बोलायच्या आत मामीनं आतूनच सांगितलं, "दिवाळीच्या आधी आणून टाकायचं. मागाहून आलेल्या भांड्याला मी हात लावत नाही."