गोळीचे मानपान

हजार डॉलरच्या वर मोजून घेतलेल्या पेंटबॉल बंदुकीने नेम सुधारतो, असं वाटत असेल तर ती घेऊ नये. नेम तिच्या हातात नाहीच. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी म्हणजे पातळ जिलेटिनच्या सालीत भरलेला रंग. व्यास ०.६८ इंच, वजन जेमतेम तीन ग्रॅम. नळीतून सुटल्यावर ती कुठे जाईल हे तिच्या लहरीवर. बरं, वेग तरी वाढवावा, तर तिथेही समता. मैदानात शिरण्यापूर्वी प्रत्येकाची बंदूक वेगमापकावर तपासतात. सेकंदाला २८०, फार तर ३०० फूट. भाड्याची असो की माझी, मर्यादा तीच.

मग पैसे मोजले कशाचे? गोळीच्या सरबराईचे. महागड्या बंदुकीत गोळीला जावयासारखं वागवतात. टाकीत हवा असते ४५०० पीएसआय दाबाची. ती टाकीच्या तोंडाशी एका रेग्युलेटरमध्ये नरमते, बंदुकीतल्या दुसऱ्या रेग्युलेटरमध्ये आणखी नरमते आणि शेवटी दीडशेच्या आसपास येऊन, अगदी अदबीने, बोल्टला म्हणते, 'चला.' बोल्टच्या टोकाला मऊ रबर, गोळीला टोचू नये म्हणून. दोन्ही बाजूंना इन्फ्रारेडचे डोळे. गोळी पुरती स्थानापन्न झाली की नाही, हे त्यांनी पाहायचं. झाली नसेल तर चाप कितीही ओढा, पंगत सुरू होत नाही.

एवढं करूनही जावई रुसतोच. दमट हवेत गोळी फुगते आणि नळीत अडते. न्यू हॅम्पशायरच्या ऑक्टोबरात, थंडीत, तीच कडक होऊन आतल्या आत फुटते. एकाच कुशीवर पडून राहिली तर चपटी होते, म्हणून खोकं अधूनमधून उलटं करायचं. ही सेवा आमच्या नॅशुआच्या घरात मी करतो. बायकोने त्यावर मत देणं केव्हाच सोडलंय. तिच्या आई सांगलीहून आल्या तेव्हा मात्र नव्याने चर्चेला तोंड फुटलं.

रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी बंदूक उघडली होती. गोळी फुटली की रंग नळीत, बोल्टवर, डोळ्यांवर, सगळीकडे जातो. आंधळी झालेली बंदूक बावचळते. कापसाच्या काडीने एकेक डोळा पुसायचा, मग जुनं ग्रीस काढून नवं लावायचं. सासूबाई समोर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"जावईबापू, हे सगळं खेळून झाल्यावर की खेळायच्या आधी?"

"दोन्ही वेळा."

"मग खेळता कधी?"

हा प्रश्न या छंदात विचारत नाहीत. मी ग्रीसचं झाकण लावलं. त्यांनी शिवणयंत्राचं तेल सुचवलं. त्यांच्या यंत्राला म्हणे त्या एका तेलावर कधी दुसरं काही लागलं नाही. मी सांगितलं की सोबतच्या पुस्तिकेत पेट्रोलियमच्या तेलाला सक्त मनाई आहे; त्याने रबरी कड्या बिघडतात. अशा वीसेक कड्या आत असतात, त्यांना ओ-रिंग म्हणतात आणि त्यांतली एखादी चिरली की सगळी हवा फुस्स करून निघून जाते. नेमकी कुठली, हे सांगण्याचं सौजन्य ती दाखवत नाही. मग कान लावून एकेक सांधा ऐकत बसायचं. डॉक्टरी शिकलो असतो तर हेच करून चार पैसे मिळाले असते.

एवढ्यात सगळ्यात बारीक कडी चिमट्यातून उडाली. फरशीवर, खुर्चीखाली, बाहीत, कुठेच नाही. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली रांगत असताना वरून आवाज आला, "ही काय?" तांदळातून खडे निवडणाऱ्या डोळ्यांपुढे इन्फ्रारेडची काय मातब्बरी! त्यांनी कडी बोटावर घेऊन निरखली आणि म्हणाल्या, "एवढी सरबराई तर आम्ही तुमचीसुद्धा केली नाही."

मैदानावर याची कदर होते म्हणावं, तर तसंही नाही. तिथे भाड्याने बहुतेकदा १९९८ सालच्या घराण्यातली टिपमन ९८ मिळते. जड, खडखडती, चिखलात पडली तरी झटकून पुन्हा चालू. तिला कोणी प्रेमाने उघडल्याचं मी पाहिलेलं नाही. वाढदिवसाला आलेली शाळकरी पोरं ती उलटसुलट धरतात, डोळे मिटून चाप ओढतात आणि माझ्या मुखवट्याच्या मधोमध पिवळा ठिपका उमटतो. पोरगं वर येऊन माझ्या बंदुकीचं कौतुक करतं. ते जास्त लागतं.

या खेळाचा पहिला सामना आमच्याच राज्यात, हेनिकर गावी, २७ जून १९८१ रोजी झाला. पृथ्वीवर हेनिकर एकच, असं ते गाव अभिमानाने मिरवतं. पुणेकरांनाही हे सुचलेलं नाही. झेंडे पटकावायला बाराजण जंगलात उतरले. हातात नेल-स्पॉट जातीच्या बंदुका, मुळात झाडांवर आणि गुराढोरांवर खूण करण्यासाठी बनवलेल्या. तेव्हा गोळ्यांत तैलरंग असे, म्हणजे खेळ संपला की टर्पेंटाइन. जिंकला रिची व्हाइट नावाचा एक वनाधिकारी. एकही गोळी न झाडता, झाडीतून गुपचूप फिरत त्याने सगळे झेंडे गोळा केले. त्याच्या विजयाचं मला फारसं काही नाही. पण त्या संध्याकाळी त्याला बंदूक साफ करावी लागली नसणार.