पेपर फुप्फुसाचा, गुण जिभेचे

मँगो कस्टर्डला दहापैकी आठ. ब्लूबेरी चीजकेकला साडेसात. हिरव्या सफरचंदाला पाच, कारण मागे साबणासारखी चव राहते. द्राक्षाला नऊ.

वेपचं लिक्विड घरीच बनवणाऱ्यांच्या वहीत असे गुण मांडलेले असतात.

टेबलावर काय असतं? ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, सिरिंजा, प्रॉपिलीन ग्लायकॉलची बाटली, ग्लिसरीनची बाटली आणि रांगेत मांडलेल्या फ्लेवरच्या कुप्या. एका वेळी एकच फ्लेवर घ्यायचा. आधी तीन टक्के, मग पाच टक्के. फळांचे फ्लेवर हलवले की लगेच ओढता येतात. कस्टर्ड, क्रीम, केक यांना दोन-तीन आठवडे अंधारात मुरत ठेवायचं. मग झुरका, नोंद, घोटभर पाणी, पुन्हा झुरका. शिस्त आहे, चिकाटी आहे, निरीक्षणही आहे.

परीक्षा मात्र भलत्याच अवयवाची चालली आहे.

जीभ सांगते गोड की आंबट. नाक सांगतं आंबा की फणस. दोघांचं काम तिथे संपतं. वाफ मात्र पुढे जाते.

पोटात गेलेल्या पदार्थाला आधी आम्ल भेटतं, मग यकृत. फोडायची, गाळायची, बाहेर टाकायची सोय शरीराने तिथे करून ठेवली आहे. फुप्फुसात वायुकोशांची भिंत केसापेक्षा कितीतरी पातळ. सगळी पसरली तर साधारण ७० चौरस मीटर भरेल. पलीकडे थेट रक्त. कस्टर्डला आठ गुण देताना या भिंतीला कोणी काही विचारलं?

‘कुपीवर फूड ग्रेड लिहिलंय ना!’ हे ठरलेलं उत्तर.

लिहिलंय, आणि ते खरंही आहे. बासुंदीत दोन थेंब टाका, काही बिघडत नाही. पण अमेरिकेत फ्लेवरची रसायनं खाण्यास सुरक्षित म्हणून ज्या यादीत येतात, ती यादी फेमा ही फ्लेवर उत्पादकांचीच संघटना करते. याच संघटनेने जाहीर सांगून टाकलं आहे की यादी खाण्यापुरती आहे, ई-सिगारेटसाठी तिचा आधार घेऊ नका. बनवणाऱ्यांनीच हात वर केले. मग ओढणारा कोणाच्या भरवशावर ओढतो?

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या इसेन्सचंही तेच. काही इसेन्स तेलात केलेले असतात. केकला ते उत्तम. तेलाचा अंश फुप्फुसात उतरला, तर लिपॉइड न्यूमोनिया होऊ शकतो.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल आपण गिळतो, फोडून चेहऱ्यालाही लावतो. त्याचंच एक रूप, व्हिटॅमिन ई ॲसिटेट, २०१९ मध्ये अमेरिकेत गांजाचा अर्क असलेल्या वेपच्या लिक्विडमध्ये मिसळलं गेलं. त्या वर्षीच्या फुप्फुसाच्या आजाराच्या साथीत फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली. त्यातले ६८ दगावले. आजारी पडलेल्यांपैकी पुष्कळांनी माल ओळखीपाळखीतून, हातोहात घेतला होता. कुठे मिसळला, कोणी मिसळला, पत्ता नाही.

चेहऱ्याला चाललं, पोटाला चाललं. फुप्फुसाला नाही.

आता लोण्याकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. कस्टर्ड, बटरस्कॉच, क्रीम यांना वहीत गुण चढतात ते एका मलईदार चवीमुळे. त्या चवीत डायअसिटिल या रसायनाचा मोठा वाटा. खऱ्या लोण्यातही ते असतं, म्हणून ऐकायला निरुपद्रवी वाटतं.

२००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यातले आठ माजी कामगार आरोग्य खात्याच्या नजरेत आले. श्वासनलिकेच्या बारीक फांद्या आतून जखमा भरून बुजत चाललेल्या. पुन्हा मोकळ्या न होणाऱ्या. पॉपकॉर्न खाऊन हे झालं नव्हतं. गरम तेलाच्या टाकीत लोण्याचा फ्लेवर ओतला जायचा, आणि वर येणारी वाफ यांच्या श्वासात जायची. सगळ्यात जास्त झळ बसली ती मिसळणाऱ्यांना.

वेपच्या लिक्विडमध्ये डायअसिटिल असतं का? हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गोड आणि फळांच्या वासाचे ५१ प्रकार तपासले. ३९ मध्ये सापडलं.

इथे वेपची बाजू घेणारे म्हणतात, सिगारेटच्या धुरात याहून जास्त डायअसिटिल असतं. बरोबर आहे. वेपमुळे त्या आजाराची साथ आल्याचं सिद्ध झालेलं नाही, हेही बरोबर. पण कामगार धापा टाकू लागेपर्यंत पॉपकॉर्नच्या कारखान्यातही काहीच सिद्ध झालेलं नव्हतं!

पुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते. ओरड झाल्यावर काही फ्लेवर कंपन्यांनी डायअसिटिल वगळून कस्टर्डची दुसरी आवृत्ती काढली. मिसळणाऱ्यांपैकी कित्येकांचा जीव अजून पहिलीतच अडकलेला आहे. दुसरीत म्हणे तो मऊपणा नाही, तोंड भरत नाही. गुण कमी.

म्हणजे जिभेने नेमकं तेच निवडलं, जे काढून टाकायला हवं होतं.

बरं, वगळलेल्याच्या जागी काय आलं? अनेकदा पेंटेनडायोन, म्हणजे डायअसिटिलचंच सख्खं भावंड. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या श्वासनलिकांची त्यानेही तशीच वाट लावली. नाव बदललं, काम तेच.

आणि कुपीत आहे तेच वाफेत जातं, असं तरी कुठे आहे? व्हॅनिला, दालचिनी, चेरी या फ्लेवरमधली अल्डिहाइडं प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्ये पडली की साध्या खोलीच्या तापमानालाही नवी संयुगं तयार करतात. येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१८ मध्ये हे दाखवून दिलं. ही नवी संयुगं श्वासमार्गाला डिवचणारी असतात. लिक्विड आठवडेच्या आठवडे मुरवलं की चव ‘बसते’ म्हणतात. चवीबरोबर आणखी काय बसतं, त्याचा रकाना वहीत नसतो.

आता द्राक्षाचे नऊ गुण. यावर तरी नाशिककरांनी गप्प बसू नये.

निफाड-दिंडोरीकडच्या बागेतलं थॉम्पसन तोंडात टाका. पातळ साल, गोड, कडेला जरा आंबट, पाणीदार. त्याला तो जांभळ्या सरबतासारखा दाट वास येतो का? अजिबात नाही. ‘ग्रेप’ फ्लेवरचा वास अमेरिकेतल्या काँकर्ड द्राक्षाचा, आणि तो येतो मिथाइल अँथ्रानिलेट या रसायनामुळे. तिकडे हेच रसायन पिकावर फवारतात, पाखरांनी फळाला तोंड लावू नये म्हणून.

पाखरू ज्याच्यापासून लांब पळतं, त्याला वहीत नऊ.

द्राक्षाची परीक्षा कशी असते, हे नाशिकला दुसऱ्याने शिकवायला नको. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश युरोपात सापडला. मर्यादा किती? किलोला ०.०५ मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागायतदारांच्या वर्षाची माती झाली.

चव कोणी विचारली होती? ती तर उत्तमच होती.

आज निर्यातीच्या बागेची नोंद होते, घडांचा नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांच्या अंशाचा अहवाल स्वच्छ आल्याशिवाय पेटी युरोपला निघत नाही. कोणत्या प्लॉटमधलं द्राक्ष कोणत्या पेटीत गेलं, हे मागे जाऊन शोधता येतं. एवढा पहारा कशासाठी? परक्या मुलखातल्या कोणाच्या तरी पोटात जायच्या द्राक्षासाठी. आणि आपल्याच कॉलेजातल्या पोराच्या छातीत जायच्या द्राक्षासाठी?

वही.

बागायतदारांना आणखी एक गोष्ट चांगली कळेल. निकोटिन सल्फेट हे जुनं कीटकनाशक. आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. बनवायचं तर निर्यातीपुरतं. म्हणजे निकोटिनचा हा क्षार द्राक्षाच्या घडावर मारायला मनाई, आणि द्राक्षाच्या वासाचं निकोटिन थेट श्वासात ओढायला पोरं उत्सुक.

‘आमच्या लिक्विडमध्ये निकोटिन नाहीच, नुसता फ्लेवर आहे.’ हेही कानावर येतं. आईबापांनाही ते पटतं: तंबाखू नाही ना, मग असू दे. कायद्याला ते पटत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ई-सिगारेटबंदीचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्यात व्याख्या स्वच्छ आहे: पदार्थ तापवून ओढण्याजोगी वाफ करणारं उपकरण, निकोटिन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्याला मनाई. संपूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड.

बंदीला माझा पाठिंबा आहे. पण बंदीने सुटका कोणाची झाली?

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर काय मिळतं, ते वाचकांना मी सांगायला नको. हुक्का पार्लरवर २०१८ मध्ये बंदी आली. छापे अजून पडताहेत, म्हणजे पार्लरं अजून आहेत.

ब्रिटन-युरोपात वेपची विक्री चालते, पण बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको, निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, आत काय काय घातलंय ते आधी सरकारला कळवा, असे नियम तरी आहेत. आपल्याकडे वस्तूला मनाई, म्हणून तिच्या घटकांचे नियम नाहीत. छापा पडला की माल किती लाखांचा, ते बातमीत येतं. त्या बाटल्यांत होतं काय, ते क्वचितच येतं. पकडलेल्या लिक्विडची प्रयोगशाळेत तपासणी करा आणि अहवाल लोकांसमोर ठेवा, ही मागणी काही डोंगराएवढी नाही. द्राक्षाचा नमुना तपासू शकणाऱ्या राज्याला हे जड जाऊ नये.

मुळात तंबाखूला मिठाईचा वास लागतो कशाला? गुटख्यात वेलची होती, हुक्क्यात गुलाब आणि पान आलं, वेपमध्ये चीजकेक. चाळीस वर्षं बिडी ओढणारा माणूस ब्लूबेरी मागत नाही. घसा खवखवला की पहिल्याच झुरक्याला जो कायमचा मागे फिरला असता, त्याच्यासाठी हा गोडवा असतो.

त्याचं वय काय असतं, हे वेगळं सांगायला हवं?

सिगारेट सोडायची म्हणून वेप हातात घेणारेही आहेत. त्यांची तळमळ मी खोटी म्हणणार नाही. सिगारेट सोडणं भयंकर अवघड असतं. पण त्यांच्यासाठी निकोटिनचं च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतं. औषध म्हणून तपासलेलं, मात्रा छापलेली. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा नंबर १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत. कस्टर्डचा फ्लेवर तीन टक्के की पाच टक्के, यात आठवडे घालवायला तयार असलेल्या माणसाला एक फोन जड नाही.

आणि घरात फ्लेवरच्या कुप्या, सिरिंजा, छोटा काटा दिसला, पण ओव्हनमध्ये केक काही दिसत नसेल, तर पोराला विचारा. आरडाओरडा नको, त्याने वही नुसती दप्तराच्या तळाशी जाईल. शेजारी बसा, कुपी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं दोघं मिळून वाचा. डायअसिटिल, पेंटेनडायोन ही नावं बहुतेक कुप्यांवर सापडणार नाहीत. एका शब्दात आटपलेलं असेल: फ्लेवर. मग त्यालाच विचारा, यात नक्की काय आहे हे तुला माहीत नाही, मग आठ गुण कशाला दिलेस?