मॅग्नेट्रॉन गेला!

मराठी घरात मायक्रोवेव्हची कामं दोन: गार झालेला चहा दिवसभर पुन्हा पुन्हा गरम करणं आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल, पावाचं पाकीट नि लाइटची बिलं सांभाळणं. हवेची छिद्रं झाकू नका, असं माहितीपुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून अजून निघालेलं नसतं, एवढंच.

मग एक दिवस आत चटचट ठिणग्या उडतात. मेकॅनिक येतो आणि झाकण खोलायच्या आधीच निदान करतो, "मॅग्नेट्रॉन गेला, काकू. यापेक्षा नवीनच घ्या." रडारमधल्या या नळीवर अन्न शिजवण्याचं पेटंट पर्सी स्पेन्सरने १९४५ मध्ये मागितलं, ती इतक्या घरांतून इतक्या सहज जाईल, हे त्याला सुचलं नसावं. बहुतेक वेळा गेलेला असतो तो आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा. आमटीचे शिंतोडे खाऊन तो काळा पडतो आणि तिथेच जळू लागतो. वेळच्या वेळी ओल्या फडक्याने पुसला असता तर टिकला असता. नवा तुकडा कात्रीने मापात कापून बसवता येतो. पण त्यात मेकॅनिकचा पेट्रोलखर्चसुद्धा सुटत नाही.

यावर उतारा म्हणून काका स्वतःच स्क्रू-ड्रायव्हर काढतात. मिक्सर दुरुस्त केल्याचा अनुभव दांडगा, शिवाय प्लगही काढलेला. आतला कपॅसिटर मात्र प्लग काढल्यावरही दोनेक हजार व्होल्ट धरून बसलेला असू शकतो, आणि त्याला काकांचा मिक्सरचा अनुभव कुणी कळवलेला नसतो.