उंची तीन फूट एक इंच

आमच्या घरात एसटीचं पूर्ण तिकीट काढणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा नवरा. सासरे, म्हणजे नाना, पंच्याहत्तरी ओलांडलेले. त्यामुळे 2022 पासून त्यांना एसटी फुकट. सासूबाई आणि मी बायका. त्यामुळे मार्च 2023 पासून आम्ही अर्ध्या. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा, आणि पाच वर्षांखालच्यांना तिकीटच नाही. म्हणजे सहा माणसं दोन तिकिटांत अख्खा महाराष्ट्र पालथा घालू शकतात. कंडक्टर मशीनमधून तिकिटं काढतो तेव्हा नाना विजयी मुद्रेने खिडकीबाहेर बघतात आणि नवरा हातातल्या तिकिटाकडे.

अशा कुटुंबाने थीम पार्कला जायचं मनावर घेतलं की सगळं गणितच उलटं होतं. एसटी वय विचारते, पार्क उंची मोजतो. खोपोलीजवळ 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिकात लहान मुलाचं तिकीट जन्मतारखेवर नाही, डोकं कुठवर पोचतं त्यावर ठरतं. एका रेघेच्या खाली असाल तर फुकट, तिच्या वर पण दुसरीच्या खाली असाल तर लहान, दुसरीच्याही वर गेलात की मोठे. सासूबाई जेमतेम पावणेपाच फूट आहेत. हे ऐकल्यावर दुसरी रेघ नेमकी कुठे मारलीय, याची त्यांनी दोनदा चौकशी केली. नानांना ज्येष्ठ म्हणून सवलत मिळेल असं मी सांगून बघितलं. पण ‘सवलत’ आणि ‘फुकट’ यांच्यामध्ये किती अंतर असतं, ते फुकटाची सवय झालेल्या माणसालाच कळतं.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. मोजमाप म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी थोरलीला स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर दाते पंचांग आडवं धरलं आणि पेन्सिलीने खूण केली. पोरगी अभिमानाने चवड्यांवर चढलेली. नवऱ्याने वाकून तिच्या टाचा खाली दाबल्या, मग वेणीची गाठ सोडली, मग तेलाचा हात लावून केस चापूनचोपून बसवले. तीन फूट एक इंच. “श्वास सोड बरं,” तो म्हणाला. डॉक्टरांच्या तक्त्यावर हीच पोरगी एक रेघ वर सरकावी म्हणून दोन वर्षं नाचणीचं सत्त्व आणि खारकेची पूड घेऊन तिच्यामागे पळणारा बाप तो हाच. धाकट्याला चौकटीशी स्थिर उभं करणं कोणालाच जमलं नाही. अखेर झोपल्यावर त्याला चटईवर सरळ करून मोजायचं ठरलं, तर सासूबाई मध्ये पडल्या. निजलेल्या लेकराला मोजू नये, दृष्ट लागते. त्यांनी दोघांवरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. नानांनी मात्र धरणाची पातळी जाहीर करावी तशी थोरलीची उंची जाहीर केली आणि वर इशारा दिला, “आवक चालू आहे. पातळी वाढतच जाणार. जायचं तर आत्ताच जा.”

सगळ्या नियोजनाचा पेच याच इशाऱ्यात आहे. मूल फुकट असतं तोवर त्याला कशातच बसू देत नाहीत, आणि बसू द्यायला लागले की ते फुकट राहत नाही. तिथे नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे. थोरलीला त्याच्या दारातून आत शिरायलाच अजून कितीतरी वर्षं नाचणी खावी लागेल. सलीमगढ नावाचा भूतबंगला आहे. आमच्याकडे मिक्सर लावला तरी धाकटा घर डोक्यावर घेतो, तर तिथे त्याला न्यायचा प्रश्नच नाही. राहता राहिलं टबी नावाच्या हत्तीत बसून गोल फिरणं. त्या एका गोलासाठी जळगावहून चारशेक किलोमीटर सरळ जायचं.

मग जायचं तरी कशाला? याचं खरं उत्तर नवऱ्याच्या बालपणात आहे. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्यानंतर दूरदर्शनवर त्या पार्कची जी जाहिरात लागायची, त्यातल्या मुलाने घरी जायला साफ नकार दिला होता. आणि आमच्या जळगावच्या मुलाने त्यावरून घरी उपोषण करून बघितलं होतं. नाना दर सुट्टीत म्हणायचे, “पुढच्या सुट्टीत.” कारण काय, तर तिकडे बोटीतून खाडी ओलांडावी लागायची. उभं आयुष्य कालवे आणि बंधारे सांभाळलेल्या माणसाचा पाण्यावर काडीचा भरवसा नाही. त्याऐवजी दर सुट्टीत मेहरुण तलाव, काठावरून, आणि वर एक भेळ. त्यामुळे नवरा आता “मुलांसाठी करायला नको का?” असं म्हणतो, तेव्हा ती मुलं कोण हे मी विचारत नाही. एक मूल आहे, आणि त्याला मिशा आहेत.

त्याला एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. थीम पार्कचं बारसंच असं झालंय. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर बसवायला नेत असे. मुली फिरायच्या आणि हा बाकावर शेंगदाणे खात बसायचा. बसून बसून त्याच्या डोक्यात आलं की आईबापांनाही पोरांबरोबर मजा करता येईल अशी जागा का असू नये? ही हकिगत पुढे त्यानेच सांगितली. त्यातून 1955 साली डिस्नेलँड उभं राहिलं. आता यात बघा, मुलींची काहीच तक्रार नव्हती. कंटाळला होता तो बाप. शेंगदाणे खात बाकावर बसलेल्या बापांची खान्देशात कमी नाही. संध्याकाळी काव्यरत्नावली चौकात भाऊंच्या उद्यानात डोकावलंत तर ओळीने दिसतील. पण आपल्याकडचा बाप शेंगदाणे संपले की आणखी दहा रुपयांचे घेतो. तो जग बदलायला निघत नाही, आणि त्यातच आईचं भलं असतं.

त्या डिस्नेलँडचा पहिला दिवस, 17 जुलै, फार वाईट गेला म्हणतात. पारा 38 अंशांच्या आसपास. ताजं डांबर मऊ पडलं आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळही अपुरे पडले. सासूबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “38? जुलैत?” आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. 38 असेल तर बायका “आज जरा बरंय” म्हणत गच्चीवर बिबडे घालायला चढतात.

तरी उन्हाळा बादच करावा लागला, कारण मोठ्यांच्या खिशात कांदा ठेवता येतो, दीड वर्षाचा माणूस तो काढून चावतो. पावसाळ्यात खोपोलीला पाऊस असा कोसळतो की वॉटर पार्कचं वेगळं तिकीट काढायला नको. दिवाळीत अख्खा गुजरात आणि अर्धी मुंबई रांगेत. डिसेंबरात पोरांची नाकं वाहतात. नवऱ्याने लॅपटॉपवर मोठा तक्ता मांडला, रकाने रंगवले, आणि सगळ्या अटी लावल्यावर वर्षात निव्वळ एक आठवडा उरला. त्यात नानांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख निघाली.

त्या तक्त्यात नसलेली गोष्ट म्हणजे झोप. पोरांचं कुठलंही नियोजन शेवटी त्यांच्या झोपेभोवती फिरतं. धाकटा दुपारी एक ते तीन झोपतो. झोपला नाही तर चार वाजता त्याचा जो काही रोलर कोस्टर सुरू होतो त्याला पट्टे नसतात. पार्क उघडतो सकाळी उशिरा. तिकीट, तपासणी, टोपी हरवणं, टोपी सापडणं यात बारा वाजतात. एक वाजता मुलाला झोप. म्हणजे हजारो रुपये भरून आपण सावलीतला एक बाक शोधतो आणि तीन वाजेपर्यंत मांडी न हलवता त्यावर बसतो. जादा पैसे भरले तर रांगेत पुढे जाता येतं म्हणे. त्याचं आम्हाला अप्रूप नाही, देवस्थानांनी ते कधीच शिकवलंय. पण जादा पैसे भरून मूल लवकर उठतं किंवा उशिरा झोपतं, असा पास अजून कोणी काढलेला नाही.

खाण्यावरून तर रणच माजलं. खान्देशी माणूस गाडीत बसला की स्टँड ओलांडायच्या आत डबा उघडतो. गुळाच्या दशम्या, तिखटाच्या पुऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, लोणचं एवढं नसेल तर तो प्रवास नाही, बदली आहे. अशा पार्कांत मात्र सहसा बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. तान्ह्या मुलांच्या खाण्याला तेवढी सूट असते. ही सूट कळल्याबरोबर सासूबाईंचा चेहरा उजळला. “मग सगळं बाळाचंच आहे म्हणून सांगू.” दीड वर्षाचा मुलगा ठेचा खातो हे दारावरच्या माणसाला पटवायची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

तोडगाही त्यांनीच काढला. “शिर्डीला चला.” शिर्डीत वॉटर पार्क आहे आणि साई तीर्थ नावाचा भक्तीचा थीम पार्कही आहे. म्हणजे पोरांचं पाणी, मोठ्यांचं पुण्य, आणि मुख्य म्हणजे एसटी थेट. साई तीर्थमध्ये ‘लंका दहन’ पाचमिती दाखवतात, हे मी वाचून दाखवलं. “पाच कशाला?” सासूबाई म्हणाल्या, “आपल्याला तीन पुरतात.” नाना म्हणाले, “पाचवी मिती म्हणजे तिकीट.” नवऱ्याने जड मनाने तक्त्यातला नायट्रोचा रकाना पुसला.

या सगळ्या काळात मुलं काय करत होती? तर आमच्या घरासमोर रस्ता खणत होते आणि ती जेसीबी बघत होती. रोज, सकाळभर. पिवळा सोंडेवाला मातीत तोंड घालतो, वर काढतो, ट्रॅक्टरमध्ये ओततो. धाकटा प्रत्येक खेपेला टाळ्या वाजवायचा. थोरलीने ड्रायव्हरकाकांशी बोलून एकदा हॉर्नही वाजवून घेतला. उंचीची अट नाही, बाहेरचं खाणं चालतं, आणि झोप आली की दहा पावलांवर घर. चौथ्या दिवशी सासूबाईंनी ओट्यावर खुर्ची नेऊन टाकली. पाचव्या दिवशी तिथे शेंगदाण्याची पुडी घेऊन नवरा बसलेला.

आखाजीला मी माहेरी धुळ्याला गेले. नव्वदेक किलोमीटर, अर्ध्या तिकिटात. आखाजी हा खान्देशात सासुरवाशिणींचा सण. लेक माहेरी येते आणि अंगणातल्या निंबाला झोका बांधतात. माझ्या भावाने सकाळीच दोर टाकून ठेवला होता. थोरली त्यावर बसली ती उतरायलाच तयार नव्हती, आणि धाकटा दुपारी झोक्यातच, एक वाजता, घड्याळ लावल्यासारखा झोपला. नवरा न्यायला आला तेव्हा पानात आमरस आणि खापरावरचे मांडे होते. त्याने शिर्डीचा बेत सविस्तर सांगितला. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, आपल्या सवयीने धुळ्याचा दाखला दिला: विनोबांनी 1932 साली गीतेवरची प्रवचनं दिली ती इथल्या तुरुंगात, आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. तेव्हा दोन पोरं घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर ‘गीता प्रवचने’ बरोबर असू द्या, स्थितप्रज्ञाचा भाग तरी वाचून होईल.

तेवढ्यात भाऊ म्हणाला, “दाजी, पोरांना इथेच ठेवा ना. झोका आहे, आम्ही आहोत. तुम्ही चौघं निवांत जाऊन या.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. थोडे आढेवेढे घ्यायला हवे होते, पण तेवढाही धीर निघाला नाही. त्याने लगेच जळगावला फोन लावला. मुलांशिवाय कसं होईल, करमेल का, असं काहीतरी सासूबाई म्हणतील म्हणून मी स्पीकर सुरू केला. पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं, “मग लंका दहनला पुढची जागा मिळेल का?” मागून नानांचा आवाज आला, “आणि दर्शन पहाटेचं घ्या म्हणावं.”

माय मांड्याची घडी मोडता मोडता थांबली. आम्हा सगळ्यांकडे तिने आळीपाळीने बघून घेतलं.

“पोरेसले आठेच ठेवतस? मंग तुम्ही तठे कसाले जाई ऱ्हायनात?”

आप्पांना काही सुचेना. मी आमरसात लक्ष घातलं. नवऱ्याने मात्र तोंडातला घास संपवला आणि सरळ सांगून टाकलं, “खेळायला.”

जावई पहिल्यांदाच खरं बोलला म्हणून मायने त्याच्या पानात आणखी दोन मांडे वाढले.